विकून उरलेलं घर

गावातल्या बाकीच्या लोकांनी घरं बांधली. पूलवाल्यांनी पूल बांधला आणि बायकामुलांना घेऊन त्यावर राहायला गेले.

त्यांचाही इलाज नव्हता म्हणा. सगळी हयात नद्यांवर कमानी टाकण्यात गेलेली, दुसरं काही येतच नव्हतं. त्यातून जागा मिळाली ती बाजारगल्लीच्या दोन्ही अंगांना. एक तुकडा इकडे, एक तिकडे, आणि मधून रहदारी. दुसरा कोणी असता तर एका तुकड्यावर घर आणि दुसऱ्यावर बाग करून मोकळा झाला असता. पूलवाल्यांनी दोन्हीकडे दगडी पाय रोवले, गल्लीवरून भलीथोरली कमान टाकली आणि तिच्यावर खोल्या चढवल्या. पुढे गॅलरी, तिला पुलाला शोभेल असा कठडा. दोन्ही पायांत एकेक दुकानाचा गाळा. आणि एका बाजूला जिना चढताना अर्ध्यावर, कमानीच्या ऐन पोटात, न्हाणीघर. या न्हाणीघरात शिंक दिली तर ती फिरून फिरून परत येते आणि आपल्यालाच दचकवते.

खाली गल्ली, वर संसार. वरचं सगळं खाली ऐकू येतं आणि खालचं सगळं वर. त्यामुळे या घरात गुपित नावाची वस्तू कधी टिकली नाही. एक सोडून, पण त्याला अजून अवकाश आहे.

या घराचे आजवर पाच मालक झाले. झाले म्हणजे आहेतच म्हणायचे, कारण त्यातला एकही धड गेला नाही. ही खोड पूलवाल्यांनीच लावली. घर विकताना ते गॅलरीत उभे राहून घेणाऱ्याला म्हणाले, “भिंती तुझ्या, छप्पर तुझं, गळकी पन्हळसुद्धा तुझी. फक्त रविवारी सकाळी मी इथं येऊन बसणार. कमानीवर लक्ष ठेवावं लागतं.”

घेणारा होता एक तरणाबांड फोटोग्राफर. त्यानं मनात म्हटलं, म्हाताऱ्याचे असे किती रविवार राहिलेत? आणि मोठ्या मनानं दाराची एक किल्ली त्यांच्याजवळ राहू दिली. म्हातारा नव्वदी ओलांडून गेला. एक रविवार चुकवला नाही. वर “चहात साखर कमी आहे” हेही दर रविवारी सांगितलं.

पुढे फोटोवाल्यांवर घर विकायची वेळ आली तेव्हा त्यांनाही वाटलं, मीच काय घोडं मारलंय? त्यांनी उत्तरेच्या खोलीतली खिडकी राखून ठेवली. तसा उजेड म्हणे गावात दुसरीकडे पडत नाही. त्यांच्याकडून घर घेतलं दातांच्या डॉक्टरांनी. त्यांनी रोग्याची ती अवजड लोखंडी खुर्ची मागच्या खोलीच्या खिडकीतून दोर लावून आत घेतली, आणि थंडी येते म्हणून ती खिडकी कायमची चिणून टाकली. खुर्ची आत ती आतच. मग घर विकताना डॉक्टरांनी खुर्चीत बसायचा हक्क ठेवला. त्यांच्यानंतर आल्या गायनबाई. त्यांनी राखलं न्हाणीघर. त्यांच्या मते तिथं गळा लागतो तसा जगात कुठं लागत नाही.

नियम एकच. दारामागे खिळ्यांची एक ओळ आहे. हक्क सोडायचा असेल तर ज्याचा त्यानं, आपल्या हातानं, आपली किल्ली खिळ्याला लावायची. दुसऱ्यानं लावलेली चालत नाही. माणूसच गेला तर गोष्ट वेगळी. पूलवाल्यांची गंजलेली किल्ली पहिल्या खिळ्यावर आहेच. कागद नाही, सही नाही. साक्षीला अख्खी गल्ली होती, ती कमानीखाली उभी राहून ऐकतच असते.

गायनबाईंकडून घर घेतलं ते बटणवाल्यांनी. नवरा-बायको दोघं खालच्या गाळ्यात बटणं, दोरे, हूक, लेस असलं विकायचे. काकू सदऱ्याकडे नुसतं बघून तुटलेल्या बटणाची जोडी काढून द्यायच्या. काका गिऱ्हाइकाला बसवून गप्पा मारायचे आणि बटण द्यायचंच विसरायचे. घर घेताना तीन हक्कांची यादी ऐकून काकूंच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. “घर विकत घेतोय की वाटून घेतोय?” पण काका खूश. म्हणाले, “अगं, चार माणसं आयती येतील.” काकूंनी मान डोलावली. मान डोलावली म्हणजे शब्द दिला, आणि काकूंचा शब्द म्हणजे चार भोकांचं बटण, सहसा तुटत नाही.

काका होते तोवर एवढं जाणवत नव्हतं. मंडळी पंधरा दिवसांतून, महिन्यातून मनात येईल तेव्हा उगवायची, काकांशी बोलत बसायची, जायची. तीन वर्षांपूर्वी काका गेले आणि या तिघांना ऊतच आला. सोमवार आणि गुरुवार फोटोवाले. मंगळवार आणि शुक्रवार गायनबाई. बुधवार आणि शनिवार डॉक्टर. रविवारी तेवढी सुट्टी, तर त्या दिवशी परगावच्या लेकीचा फोन. आता तुम्हीच सांगा, विधवा बाईनं निवांत बसून दुःख तरी कधी करायचं?

“बाई, आटपा!” काकू मंगळवारी बादली घेऊन न्हाणीघराचं दार बडवायच्या. “मला आंघोळ करायचीय! तुमचा गळा लागेपर्यंत माझं पाणी गार होतं!”

“कलेची कदर नाही या घराला!” आतून उत्तर यायचं, तेही कमानीत फिरून मोठं होऊन.

खाली गल्लीतला भाजीवाला पालेभाजीवर पाणी मारायचं थांबवून ऐकत उभा राहायचा.

तर अशा या घराला यंदा गिऱ्हाईक आलं. काकूंचे गुडघे जिन्याला कंटाळले होते. दुकान त्यांनी कधीच बंद केलं होतं. लेक दर रविवारी फोनवर म्हणायची, “आई, कशाला हाल करून घेतेस? इकडे ये. लिफ्ट आहे, उजेडाची खोली आहे.” लेक गुणाची, जावई तिच्याहून गुणाचा. मागे काकू पंधरा दिवस राहून आल्या तेव्हा सहज म्हणाल्या, हा पडदा काही मला आवडला नाही. दुसऱ्या दिवशी पडदा बदललेला! “माझा शब्द खाली पडू देत नाहीत,” असं काकूंनी गावभर सांगितलं. त्याच मुक्कामात चौथ्या दिवशी त्या दुपारी एकट्याच त्या नव्या पडद्याशी बोलायला लागल्या होत्या. हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण चष्मेवाला. खाली दुकान, वर बिऱ्हाड असा त्याचा बेत. घर बघायला तो मंगळवारी आला, जिना चढू लागला आणि न्हाणीघरातून लांबलचक “आऽऽऽ” आलं.

“कोणाला लागलं का?” तो घाबरला.

“लागलेलं नाही, लावतायत. मागच्या मालकीणबाई.”

बुधवारी तो बायकोला घेऊन आला. बायकोनं मागच्या खोलीचं दार उघडलं आणि किंचाळली. खुर्चीत डॉक्टर तोंड उघडं टाकून घोरत होते. “घाबरू नका, जिवंत आहेत,” काकू म्हणाल्या. “त्यांच्या मागचे मालक.” गुरुवारी त्यानं सासऱ्यांना आणलं, तर उत्तरेच्या खिडकीशी स्टुलावर फोटोवाले, मांडीवर रिकामा कॅमेरा. चष्मेवाल्यानं आता काही विचारलंच नाही. नुसता हात जोडून बाहेर आला.

गॅलरीत तो म्हणाला, “काकू, घर पसंत आहे. पण मला घर हवंय, धर्मशाळा नको. या तिघांच्या किल्ल्या खिळ्याला लागल्या तरच बोला. महिनाअखेरपर्यंत वाट बघतो, नाहीतर बाजारातलं दुसरं घर आहेच.”

बोलणं वाजवी होतं. काकूंना त्याचा रागही आला नाही. त्यांनी त्या रविवारी लेकीला सांगून टाकलं, “तू खोली लावून ठेव. ही तीन बटणं सोडवली की निघालेच.”

आता कोणी म्हणेल, सरळ जाऊन सांगायचं ना, बाबांनो, मला जायचंय, हक्क सोडा. पण सरळ सांगितलं तर त्या काकू कसल्या? कोणाकडे काही मागायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. काका आजारी असताना शेजारीण विचारायला आली, काही हवं का, तर काकूंनी तिलाच साखर देऊन परत पाठवलं होतं. मागणं नाही, विनवणी नाही. तिघांना असं कात्रीत धरायचं की आपण होऊन किल्ल्या लावून गेले पाहिजेत.

पहिला नंबर डॉक्टरांचा. शनिवारी दुपारी डॉक्टर खुर्चीत जरा कुठं पेंगले होते, तेवढ्यात काकूंनी गवंड्याला आणून उभं केलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं बोलल्या, “ही चिणलेली खिडकी फोडायची. खुर्ची दोरानं खाली सोडायची, हातगाडीवर घालायची आणि डॉक्टरांच्या घरी पोचवायची. त्यांची वस्तू त्यांना मिळायला नको का? किती वर्षं बिचारे एवढ्या लांब येतात!”

गवंड्यानं भिंतीवर दोनदा हातोडी वाजवली असेल नसेल, खालून बाईमाणसाचा आवाज आला. डॉक्टरांच्या घरी बातमी पोचलीसुद्धा! डॉक्टरीणबाई कमानीखाली पदर खोचून उभ्या.

“सांगून ठेवते! तो सांगाडा माझ्या बैठकीत आला तर मी घराबाहेर! लोकांचे दात उपटलेत त्यात!”

डॉक्टर खुर्चीत ताठ बसले. इकडे हातोडी, खाली बायको.

“मग डॉक्टर?” काकूंनी मध घातल्यासारखं विचारलं. “खुर्ची नेताय की किल्ली लावताय?”

काकूंचा अंदाज होता की निदान तासभर तरी वाद होईल. त्यांनी तोंडपाठ मुद्दे काढून ठेवले होते. डॉक्टर मात्र कमरेवर हात ठेवून हळूहळू उठले, दाराशी गेले आणि खिशातली किल्ली मुकाट्यानं खिळ्याला लावली.

“एवढंच?” काकूंच्या तोंडून निघून गेलं.

“एवढंच,” डॉक्टर म्हणाले. मग जरा घुटमळले. “लेकीकडे जायचं पक्कं आहे ना? मनापासून?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“काही नाही, काही नाही,” असं म्हणत ते जिना उतरले. खाली बायकोनं आणखी काय ऐकवलं ते ऐकायला काकू गॅलरीत गेल्या, तर दोघं नवराबायको काही न बोलता चालले होते.

मंगळवारसाठी काकूंनी घरातल्या झाडून सगळ्या रजया काढल्या. न्हाणीघराच्या भिंतींना खिळे ठोकले, त्यावर दोऱ्या, दोऱ्यांवर रजया, उरलेल्या जागेत दुकानातला जुना मखमलीचा तागा. छताला चादर. गायनबाई नेहमीच्या वेळी आल्या, आत गेल्या, कडी लावली. मग “आऽऽ” झालं. ते “आ” तोंडातून निघालं आणि तिथंच रजईत मेलं. पुन्हा एक “आऽऽ”. तेही गेलं.

काकू बाहेर पदर खोचून सज्ज होत्या. बाई आता बाहेर येतील, कलेचा खून झाला म्हणतील, आपण म्हणायचं भिंतींना थंडी वाजत होती, मग त्या म्हणतील, मग आपण म्हणू. या खटक्याची त्या सकाळपासून वाट बघत होत्या. खोटं कशाला बोला, कितीतरी दिवसांत एवढी हुशारी वाटली नव्हती.

दार उघडलं. गायनबाई बाहेर आल्या आणि हसत सुटल्या. हसता हसता खोकला आला. खोकला सरला तेव्हा त्यांनी डोळे पुसले, खाली न बघता जिना चढल्या, दारामागे गेल्या आणि किल्ली लावली.

“अहो, पण भिंती…” काकूंनी सुरुवात केली.

“राहू द्या हो,” गायनबाई म्हणाल्या आणि त्यांनी काकूंच्या गालाला हात लावला. “आता मंगळवारी तुमची आंघोळ वेळेवर होईल.”

त्या गेल्या. काकू दोन किल्ल्यांकडे बघत उभ्या राहिल्या. जिंकल्यावर माणसाला जसं वाटायला हवं तसं काही वाटेना. उलट कोणी ताटात वाढून मग ताटच उचलून नेल्यासारखं झालं. भांडायची सगळी तयारी वाया गेली होती. शिवाय दोघांनीही इतक्या सहजी किल्ली लावावी? कुठंतरी पाणी मुरत होतं. पण काकूंनी ते मनावर घेतलं नाही. दोन बटणं सुटली होती, तिसरं राहिलं होतं.

फोटोवाले वयानं सगळ्यांत मोठे, आणि सगळ्यांत बेरकी. ऐकू येत असून ऐकू न आल्यासारखं करायचे. त्यांच्यासाठी काकूंनी उत्तरेची खिडकीच बंद करून टाकली. गुरुवारी सकाळी सगळ्या काचांवर आतून वर्तमानपत्रं चिकटवली, एकावर एक, कणीक लावून. खोलीत मळकट अंधार झाला. उजेड राखून ठेवलाय ना? घ्या उजेड!

फोटोवाले आले. कठड्याला, मग चौकटीला, मग भिंतीला हात लावत लावत खोलीत गेले, स्टूल चाचपलं आणि बसले. कॅमेरा मांडीवर. तोंड खिडकीकडे.

काकू दारात उभ्या. आता बोलतील, मग बोलतील. फोटोवाले शांत बसून वर्तमानपत्रांकडे बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी मान हलवली.

“आज फार भरून आलंय नाही? पाऊस पडणार बहुतेक.”

बाहेर ऊन मी म्हणत होतं. खाली भाजीवाल्यानं डोक्यावर ओला फडका टाकला होता.

काकूंच्या ओठांवरची गंमत ओठांवरच राहिली. त्या पुढे झाल्या आणि त्यांच्या तोंडासमोर हात हलवला. फोटोवाल्यांची पापणी हलली नाही.

“तुम्हाला दिसत नाही?” काकूंनी विचारलं.

“कोण म्हणतं? हे बघा की, ढग…”

“ढग नाहीत. वर्तमानपत्र आहे. मीच चिकटवलंय.”

फोटोवाल्यांनी हात पुढे करून काचेवरचा कागद चाचपला. मग ते असे हसले की स्टूल कुरकुरलं. “आवडलं! काय डोकं आहे! त्याला सांगायला हवं होतं.” हसू ओसरल्यावर म्हणाले, “दीड-दोन वर्षं झाली. माणूस आला-गेला तेवढं कळतं, बाकी सगळं धुकं.”

“मग कशाला येता मरायला एवढा जिना चढून? कसला उजेड बघता?”

“येतो आपला. हक्क आहे माझा.”

“फोटोवाले,” काकूंचा आवाज चढला, “मला बनवू नका. डॉक्टरांनी मुकाट्यानं किल्ली लावली. गायनबाईंनी हसत लावली. तुम्हाला खिडकी दिसत नाही आणि खिडकीवरचा हक्क सोडवत नाही. चाललंय काय तुम्हा तिघांचं?”

“तुम्ही कोणाला सांगणार नाही?”

“मी? मी कधी कोणाला काही सांगते?”

खाली गल्लीत कोणीतरी खाकरलं. फोटोवाल्यांनी आवाज इतका खाली आणला की कमानीलाही ऐकू जाऊ नये.

“तुमच्या मिस्टरांनी दवाखान्यात आम्हा तिघांना बोलावलं होतं. तुम्ही डबा आणायला घरी गेला होतात तेव्हा. म्हणाला, माझ्यामागे ही कोणालाही ये म्हणणार नाही. जीभ चावेल पण म्हणणार नाही. तेव्हा तुम्ही हक्कानं जात जा. वार वाटून घ्या, एकही दिवस सुना ठेवू नका. आणि गोड बोलू नका हं तिच्याशी, भांडा. भांडत असली की ती बरी असते.”

काकू खिडकीची चौकट धरून उभ्या राहिल्या.

“डॉक्टरांच्या कमरेत चमक भरते त्या खुर्चीत,” फोटोवाले सांगत होते. “घोरणं निम्मं खोटं आहे, कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून. गायनबाईंचा गळा केव्हाच गेलाय. त्यांना गायचीच बंदी आहे. तुम्ही दार बडवलंत की कडी काढून घरी जातात आणि दिवसभर गप्प बसतात. लेकीकडे तुमचं बरं होणार असं दोघांना वाटलं, म्हणून किल्ल्या लावल्या. आणि सुटलेही बिचारे.”

“आणि तुम्ही?”

“मी सगळ्यांत मोठा, म्हणून एक काम मला दिलं होतं त्यानं. म्हणाला, ती कधी घर सोडून निघालीच, तर किल्ली लावायच्या आधी एवढं विचारा.” फोटोवाल्यांनी खिशातून किल्ली काढली आणि जिथं काकू असाव्यात तिकडे तोंड केलं. “तिथं भांडायला कोण आहे?”

  काकूंच्या डोळ्यांसमोर आला तो नवा पडदा. हो आई. बरोबर आई. तू म्हणशील तसं, आई. सकाळी दोघं कामाला गेली की लिफ्टचा आवाज आणि पडदा.

त्यांना रडू आलं. आणि रडू आलं याचा भयंकर राग आला. “मेला गेला तो गेला,” त्या म्हणाल्या, “आणि जाता जाता माझ्या परस्पर हे उद्योग! माझ्याच घरात मला तीन वर्षं बनवलंत! आणि मी इथं बादली घेऊन खरीखुरी भांडतेय!” त्या रडत होत्या, बोलत होत्या, काकांना नावं ठेवत होत्या, आणि मधेच एकदा म्हणाल्या, “असा कसा हो गेलात?” खाली गल्ली एकदम चिडीचूप झाली. भाजीवाल्यानं गिऱ्हाइकाला बोटानं गप्प केलं होतं.

फोटोवाले वाट बघत बसले. मग हळूच म्हणाले, “लावू का? खिळा कुठं आहे ते मात्र दाखवावं लागेल.”

काकूंनी पदरानं नाक पुसलं. “ठेवा ती खिशात. आणि सोमवारी उशीर केलात तर दार उघडणार नाही. दिसत नाही म्हणून उशीर झाला, असली कारणं मला चालायची नाहीत.”

“मी सांगितलं ते त्या दोघांना…”

“काय सांगितलंत? मला तर काही ऐकू आलं नाही.”

फोटोवाल्यांना जिना उतरवून दिल्यावर काकू दारामागे गेल्या. किल्ली दुसऱ्यानं लावलेली चालत नाही, हा नियम होता. काढायचा नियमच नव्हता, कारण आजवर कोणी काढली नव्हती. त्यांनी दोन्ही किल्ल्या उचलल्या आणि गुडघ्यांना शिव्या देत निघाल्या.

डॉक्टरांच्या दारात त्यांनी कडी वाजवली नाही, बडवली. “वस्तू टाकून जायची पद्धत आहे का ही? लोकांच्या घरात किल्ल्या विसरता! उद्या काही हरवलं तर नाव माझं!”

“पण काकू, मी ती लावली होती…”

“मी नाही बघितलं. धरा!”

डॉक्टरांनी धरली. डॉक्टरीणबाई आतून बघत होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला. गायनबाईंकडेही तोच तमाशा झाला, फक्त जरा वरच्या पट्टीत.

चष्मेवाल्याला काकूंनी गॅलरीतूनच सांगितलं, “घर मिळणार नाही. खालचा गाळा हवा तर घे. आणि पहिलं गिऱ्हाईक मी पाठवीन, त्यांना नीट तपास. चष्म्यानं भागणार नसेल तर ज्यानं भागेल तिकडे पाठव.” त्यानं दोन दिवस विचार केला आणि गाळा घेतला. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, घर नाही मिळालं ते बरंच, मला ते खुर्चीतले डॉक्टर अजून स्वप्नात दिसतात.

लेकीला रविवारी फोन गेला. “येईन गं पंधरा दिवस. पण आधी भांडायला शीक.”

“हो आई,” लेक म्हणाली. काकूंनी कपाळावर हात मारला.

बुधवारी डॉक्टर आले तर खुर्चीत पाठीला जाड उशी. “ती मांजरासाठी ठेवलीय, तुमच्यासाठी नाही,” काकू म्हणाल्या. घरात मांजर नव्हतं. डॉक्टर उशीला टेकून बसले आणि त्या दिवशी पहिल्यांदा खरंच झोपले.

आणि पुढच्या मंगळवारी गायनबाई न्हाणीघरात गेल्या तेव्हा रजया उतरलेल्या होत्या. कोपऱ्यात झाकून ठेवलेलं गरम पाणी होतं, मीठ घातलेलं. “ते उरलंय,” काकू बाहेरून ओरडल्या, “फेकायचं जिवावर आलं. गुळण्या करायच्या तर करा, नाहीतर सांडा!” आतून गुळण्यांचा आवाज आला, कमानीत फिरून फिरून मोठा झाला, आणि खाली भाजीवाल्यानं वर बघितलं. मग एक बारीकसं, खरखरीत “आऽऽ” आलं.

काकूंनी बादली उचलली आणि दार बडवलं. “आटपा, बाई! मला आंघोळ करायचीय! पाणी गार होतंय माझं!”

“कलेची कदर नाही या घराला!”

“गळा नाही तिथं कसली कदर!”

बादली रिकामी होती. काकू केव्हाच, उजाडायच्या आत, आंघोळ करून मोकळ्या झाल्या होत्या. त्या पायरीवर टेकल्या, ओले केस पाठीवर मोकळे सोडले आणि दारावर आणखी एक थाप मारली.